दिल्लीतल्या नियोजनकार साहेबांना वाशिष्ठीकाठच्या एका दुकानदाराचं खुलं पत्र

प्रति,
देशाची वीज, रेल्वे, रस्ते, धरणं, बंदरं यांचा पुढच्या पंचवीस-तीस वर्षांचा हिशोब मांडणारी सगळी मंडळी,
नीती आयोग, केंद्रातली खाती आणि त्यांचे सल्लागार,
मुक्काम दिल्ली

साहेब लोकहो, नमस्कार.

मी चिपळूणचा. बाजारपेठेत इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आहे, वायर, स्विच, पंखे, इन्व्हर्टर आणि आता सोलर पण. इंजिनिअर वगैरे नाही मी. बाबा पोफळीच्या पॉवर हाऊसला ऑपरेटर होते, त्यामुळे मेगावॅट, लोड, पीक (म्हणजे सगळ्यात जास्त मागणीची वेळ) हे शब्द घरात आमटी-भातासोबत वाढले जायचे एवढंच. पण तुमच्या नियोजनाची फळं आमच्या जिल्ह्याने जेवढी खाल्ली तेवढी क्वचितच कोणी खाल्ली असतील. कोयनेची पॉवर हाऊस आमच्याकडे, एन्रॉन या अमेरिकन कंपनीचा वीज प्रकल्प आमच्याकडे, जैतापूर आमच्याकडे, नाणारची रिफायनरी येणार होती ती पण आमच्याकडेच, स्टरलाइटची तांब्याची फॅक्टरी अर्धवट उभी राहून तामिळनाडूला गेली ती रत्नागिरीतून आणि कोकण रेल्वे तर उभ्या जिल्ह्यातून धावते. तेव्हा सध्या जे 2047 चं चाललंय, अमुक साली एवढी वीज लागेल, एवढे कंटेनर येतील, एवढ्या गाड्या धावतील, त्याबद्दल दोन शब्द बोलायचा हक्क मला आहे असं मी धरून चालतो.

आधी भूगोल सांगतो, कारण नकाशात हे एका बोटात बसतं. सातारा बाजूला कोयनेचं धरण. तिथलं पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने इकडे पोफळीला खाली येतं, मशीन फिरवतं, मग कोळकेवाडीच्या धरणात साठतं, अलोऱ्याला परत एकदा मशीन फिरवतं आणि मशीनमधून सुटलेलं पाणी वाशिष्ठी नदीत पडतं. वाशिष्ठी आमच्या चिपळूणच्या बाजारपेठेला खेटून पुढे जाते आणि दाभोळच्या खाडीने समुद्राला मिळते. त्या खाडीच्या तोंडाशी, दक्षिण काठावर, गोपाळगडाच्या शेजारी अंजनवेलला तो एन्रॉनचा प्रकल्प. (दाभोळ गाव पलीकडच्या तीरावर दापोली तालुक्यात आहे हो, बिचाऱ्यांचं नाव फुकट बदनाम झालं.) म्हणजे एकाच नदीच्या एका टोकाला कोयना, दुसऱ्या टोकाला एन्रॉन आणि मधे आम्ही. माझं जे काय म्हणणं आहे ते या नदीच्या काठाकाठाने चालत गेलं की आपोआप कळतं.

खालच्या टोकापासून सुरुवात करू.

1992 साली एन्रॉनशी पहिला करार झाला तेव्हा बोलणारे सगळे एकाच सुरात बोलत होते. उदारीकरण झालंय, कारखाने येणार, महाराष्ट्राला विजेची प्रचंड भूक लागणार. मग 2000 मेगावॅटच्या वरचा प्रकल्प, इंधन आधी नाफ्ता आणि पुढे बाहेरून आणलेला गॅस, पैसे डॉलरच्या भावाशी बांधलेले, वीज मंडळाने घेतली काय न घेतली काय 90 टक्क्यांच्या हिशोबाने बिल भरायचं आणि हे सगळं वीस वर्षांसाठी. वर्ल्ड बँकेने 1993 मध्येच पैसे द्यायला नकार दिला होता, एवढा मोठा घास या राज्याच्या विजेच्या जाळ्याला, म्हणजे ग्रीडला, एकदम झेपायचा नाही आणि हे परवडायचं पण नाही असं त्यांचं म्हणणं होतं. ऐकलं कोणी? 1995 ला सरकार बदललं, करार रद्द झाला, पुन्हा वाटाघाटी झाल्या आणि पहिल्यापेक्षा मोठा होऊन 2184 मेगावॅटचा परत आला. 1999 च्या मे महिन्यात पहिला टप्पा सुरू झाला. दोन वर्षं पण धड नाही चालला. रुपया घसरला, नाफ्ता महागला, मंडळाला तेवढी वीज नको होती त्यामुळे ठरलेला खर्च थोड्याच युनिटांवर पडायचा आणि एका युनिटचा भाव सात रुपयांच्या पुढे गेला. 2001 च्या मे मध्ये बंद. डिसेंबरमध्ये खुद्द एन्रॉन कंपनीचंच दिवाळं वाजलं.

इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे आणि सगळे एन्रॉनला शिव्या घालून थांबतात. मी पण घातल्यात. पण पुढचं बघा ना. 2001 मध्ये आपण म्हणत होतो एवढी वीज कोणाला हवीय. आणि 2005 पासून याच महाराष्ट्रात खेड्यापाड्यात बारा-बारा तास लोडशेडिंग! वेलदूर-अंजनवेलच्या लोकांनी दिवा लावून बसायचं आणि समोर बंद पडलेला दोन हजार मेगावॅटचा सांगाडा बघायचा. चारच वर्षांत "फार झाली" वरून "पुरत नाही" वर आलो की आपण. मग सरकारी कंपनी काढून तो परत चालू केला, तर कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला जो गॅस भरपूर येणार होता तो 2010 नंतर आटत गेला आणि प्रकल्प पुन्हा थंड. शेजारी गॅस उतरवायचं टर्मिनल झालं, 2013 मध्ये जहाज पण आलं, पण समुद्रातली लाट अडवणारा बंधारा अर्धवट, म्हणून कित्येक वर्षं पावसाळ्यात जहाजच लावता यायचं नाही. कोकणात बंदर बांधताना पावसाळा विसरले होय?

तर मुद्दा असा की आकडा चुकला हा गुन्हा नाहीच. आकडा चुकणारच होता. दोन्ही बाजूंनी चुकला, आधी वर आणि मग खाली. गुन्हा हा की सगळा डाव एकाच आकड्यावर, एकाच इंधनावर, एकाच चलनावर आणि वीस वर्षांच्या एकाच सहीवर लावला आणि चुकलो तर बाहेर कसं पडायचं याला दारच ठेवलं नाही.

आता म्हणाल हे जुनं झालं, तेव्हा आम्ही नव्हतो. ठीक आहे, तुमच्या काळातलं घेऊ. केंद्राचा विजेच्या मागणीचा सर्व्हे असतो ना, त्यातल्या अठराव्या सर्व्हेत म्हटलं होतं की 2016-17 मध्ये देशाची सर्वांत जास्त मागणी सुमारे 2 लाख मेगावॅट होईल आणि 2021-22 मध्ये 2 लाख 83 हजार. प्रत्यक्षात 2016-17 ला 1 लाख 60 हजारच्या आसपास झाली आणि 2021-22 ला 2 लाख 3 हजार. म्हणजे पाच वर्षं पुढचं सांगताना चाळीस हजार मेगावॅटचा फरक आणि दहा वर्षं पुढचं सांगताना ऐंशी हजारांचा. चाळीस हजार म्हणजे वीस एन्रॉन हो! अशा अंदाजांवर बँकांनी कर्जं दिली, खाजगीवाल्यांनी कोळशाची केंद्रं उभी केली आणि 2018 मध्ये संसदेच्या समितीने सांगितलं की 34 कोळसा केंद्रं, 40 हजार मेगावॅट, अडचणीत आहेत. गंमत कशी बघा, तेव्हा सगळे म्हणाले आता बास, जास्त झालं, आणि चारच वर्षांनी 2022 च्या एप्रिलमध्ये उन्हाळा असा तापला की कोळसा पुरेना आणि देशभर वीज जायला लागली. 2024 च्या मे अखेरीस मागणी अडीच लाख मेगावॅटला टेकली. परत तोच लंबक, डावीकडून उजवीकडे.

सोलरचं पण तेच. 2010 ला पहिल्या राष्ट्रीय लिलावात युनिटला जवळपास अकरा रुपये सगळ्यात कमी भाव होता. 2017 ला राजस्थानात भडल्याला 2 रुपये 44 पैसे. 2020 च्या डिसेंबरमध्ये गुजरातेत 1 रुपया 99 पैसे. दहा वर्षांत अकराचे दोन! कुठल्या सर्व्हेत होतं हे? कुठेच नव्हतं आणि असायची अपेक्षा पण नाही, पण जे त्या काळात पंचवीस वर्षांच्या करारावर सह्या करून बसले ते बसलेच.

माझंच सांगतो, म्हणजे मी कोणाला शहाणपणा शिकवतोय असं नको वाटायला. 2011 च्या दिवाळीआधी एका सप्लायरने गळ्यात मारलं की लोडशेडिंग अजून दहा वर्षं हलत नाही, एकदम चाळीस इन्व्हर्टर उचल, रेट देतो. उचलले. उधारी पण केली. 2012 च्या डिसेंबरात सरकारने राज्य भारनियमनमुक्त झाल्याचं सांगितलं, मी पेपर वाचून आधी खूश झालो आणि मग माळ्यावर बघितलं तर सव्वीस इन्व्हर्टर खोक्यात. बायको म्हणाली, "लाइट आली म्हणून रडणारा गावातला एकटाच माणूस तू." बॅटऱ्या पडून पडून मेल्या. त्यानंतर मी एक शिकलो, रेट दोन टक्के जास्त पडला तरी चालेल पण माल पाच-पाचने मागवायचा. त्या दोन टक्क्यांना आमच्यात काही भारी नाव नाही, मी आपलं झोपेचं भाडं म्हणतो.

तुमच्या धंद्यात हे पाच-पाचने मागवणं जमत नाही हे मला कळतं. अर्धं धरण बांधता येत नाही. पण जिथे जमतं तिथे तरी? सोलर, बॅटरी, वाहिन्या, बसेस हे तुकड्यातुकड्याने वाढवता येतं. जिथे जमत नाही तिथे निदान पुढे काय बदलता येईल याची जागा ठेवता येते. आणि हे मी परदेशातून शिकून नाही सांगत आहे, नदीच्या वरच्या टोकाला चला.

कोयना पहिल्यांदा सुरू झाली 1962 ला. तेव्हा सगळा विचार मुंबई-पुण्याच्या कारखान्यांना वीज द्यायचा. मग 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे भूकंप झाला, सहा रिश्टरच्या वरचा. आजी सांगायची की चिपळुणात मडकी फडताळातून खाली आली. त्याआधी दख्खनचा हा खडक म्हणजे हलणारच नाही असं शास्त्रज्ञ पण धरून चालले होते. माणसं गेली, धरणाला तडे गेले, मग धरणाला काँक्रीटचा जादा आधार देऊन ते मजबूत करून घेतलं. त्यानंतर कृष्णेच्या पाण्याचा लवाद आला आणि पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर मर्यादा आली, वर्षाला 67.5 टीएमसी, त्याच्या पुढे थेंब नाही. आता सांगा, पाणी वाढणार नाही आणि विजेची भूक तर वाढतेय, काय कराल?

या लोकांनी काय केलं, तर पाणी तेवढंच ठेवून मशीन वाढवली. आधी पोफळीला पहिला आणि दुसरा टप्पा मिळून 600 मेगावॅट, मग त्याच पाण्यावर खाली अलोऱ्याला 320 आणि नंतर चौथा टप्पा, जमिनीखाली, 1000 मेगावॅट. दिवसरात्र रटाळ चालवण्यापेक्षा संध्याकाळी सगळ्यांचे दिवे लागतात तेव्हा दोन-चार तास दणकून चालवायचं असा हिशोब बदलला. चौथ्या टप्प्यासाठी धरण रिकामं न करता तलावाच्या तळाला खालून भोक पाडलं, लेक टॅपिंग, 1999 च्या मार्चमध्ये. पेपरात केवढं आलं होतं, आम्ही शाळेच्या पोरांसारखे कात्रणं काढून ठेवली. उन्हाळ्यात पातळी खाली गेली तरी पाणी घेता यावं म्हणून 2012 च्या एप्रिलमध्ये दुसरं लेक टॅपिंग. धरणाच्या पायथ्याचं छोटं केंद्र धरून अशी ती आज 1960 मेगावॅटची आहे. आणि 5 एप्रिल 2020 आठवतंय ना, रात्री नऊला नऊ मिनिटं दिवे बंद, देशाची मागणी मिनिटामिनिटात 31 हजार मेगावॅटने पडली आणि परत वर आली. ग्रीड कोसळलं नाही कारण देशभरच्या जलविद्युत केंद्रांनी झपकन खाली येऊन झपकन वर जाऊन दाखवलं. असली नऊ मिनिटं कोयना बांधणाऱ्या माणसाच्या स्वप्नात तरी आली असतील का? आता दुपारी सोलर ओसंडून वाहतं आणि संध्याकाळी सातला गायब होतं, अशा काळात झटकन चालू होणारी मशीन म्हणजे सोनं झालंय. बाबा म्हणायचे, "मशीन कशासाठी घेतली ते विसर, मशीन काय काय करू शकते ते बघ."

कोयनेची मी आरती ओवाळतोय असं समजू नका. धरणाखाली ज्यांची गावं गेली त्यांच्यातले कितीतरी लोक साठ वर्षांनंतर पण जमिनीच्या सातबाऱ्यासाठी आंदोलनाला बसतात. मशीनचा हिशोब चार वेळा बदलला, माणसांचा एकदा पण धड पुरा केला नाही. जैतापूरचं पण बघा, 9900 मेगावॅटच्या अणुभट्ट्यांसाठी जमिनी घेतल्या, 2010 ला फ्रेंचांबरोबर करार झाले आणि अजून वीट नाही. तिथल्या माणसाला तुम्ही काय सांगितलंय, येणार की नाही येणार? अनिश्चितता म्हणजे तुमच्यासाठी फाइल पेंडिंग, त्याच्यासाठी पोराचं लग्न, घराची डागडुजी, आंब्याची नवी कलमं सगळंच पेंडिंग. हे तुमच्या खर्चाच्या तक्त्यात कुठल्या रकान्यात येतं ते मला एकदा दाखवा.

आता कोकण रेल्वेबद्दल, कारण इथे माझं मलाच नक्की सांगता येत नाही. 1998 च्या जानेवारीत रोह्यापासून मंगळूरच्या अलीकडे ठोकूरपर्यंत 741 किलोमीटर गाडी धावली, ते पण बहुतेक रोखे विकून उभ्या केलेल्या पैशात. पण लाइन सिंगल. बोगदे पण सिंगल लाइनचे. आज क्रॉसिंगला गाडी अर्धा-अर्धा तास उभी राहते, गणपतीला तर विचारूच नका, आणि दुसरी लाइन टाकायची म्हणजे डोंगरात परत शेजारी नवीन बोगदे खोदायचे. रोहा ते वीर एवढाच भाग 2021 ला डबल झाला कारण तिथे बोगद्यांची ती भानगड नव्हती. तेव्हाच बोगदे रुंद खोदले असते तर? हे म्हणायला सोपं आहे. पण तेव्हा रुंद बोगद्यांचा हट्ट धरला असता तर पैसेच जमले नसते आणि अजून आम्ही एसटीने पनवेलला उलट्या करत गेलो असतो. म्हणजे जागा ठेवायची तर त्याला पैसे लागतात आणि पैसे नसले की सिंगल बोगदाच खोदावा लागतो, हे मी मान्य करतो. मला एवढंच हवंय की त्या वेळी कोणीतरी कागदावर लिहून ठेवावं, की आम्ही हे मुद्दाम सोडतोय, आज एवढे वाचतायत आणि उद्या एवढे जास्त लागतील. नंतर येणाऱ्याला निदान कळेल की विसरले नव्हते.

आणि त्याच कोकण रेल्वेकडून एक शिकण्यासारखं. 2003 मध्ये वैभववाडीजवळ आणि पुढच्याच वर्षी करंजाडीजवळ मोठे अपघात झाले, पावसाने दगड-माती रुळावर आली. त्यानंतर डोंगरकडांची कामं झाली, पाऊस मोजायची यंत्रं बसली, गस्त वाढली आणि जूनपासून ऑक्टोबरपर्यंत पावसाळी वेळापत्रक, म्हणजे गाड्याच सावकाश. जोरदार पावसात समोरचं दिसेना झालं की स्पीड अजून खाली. लोक वैतागतात, मी पण वैतागतो, पण विचार करा, इथे कोणी "पाऊस एवढाच पडेल" अशी पैज लावलेली नाही. पाऊस वाढला की काय करायचं ते आधीच ठरलंय, कोण करणार ते पण ठरलंय.

परदेशातलं सांगायचंच तर दोन गोष्टी, कारण तुम्हाला परदेशातलं सांगितल्याशिवाय पटत नाही. लिस्बनला नदीवर 1966 ला मोठा झुलता पूल बांधला तेव्हा खालून रेल्वे जाऊ शकेल अशी सोय डिझाइनमध्येच ठेवली होती आणि रेल्वे धावली 1999 ला, तेहेतीस वर्षांनी. दुसरं लंडनचं. समुद्राची भरती शहरात घुसू नये म्हणून थेम्सवर दरवाजे आहेत, 1980 च्या दशकात बसवलेले. आता समुद्र किती चढणार हे कोणालाच नक्की माहीत नाही, तर त्यांनी 2012 ला जो प्लॅन केला त्यात एकच उत्तर न लिहिता वाटा लिहिल्या, पाणी इतपत चढलं तर ही वाट, त्याहून वेगाने चढलं तर ती, आणि ठरावीक वर्षांनी मोजमाप परत बघायचं. 2023 ला परत बघितलं आणि वरच्या भागातल्या भिंती उंच करायचं काम जे 2065 पर्यंत चाललं असतं ते अलीकडे, 2050 पर्यंत ओढलं. कोणाचं नाक कापलं गेलं नाही. आपल्याकडे दिल्ली-मुंबई एक्सप्रेसवेला आठ लेन करून मधे पुढच्या चार लेनची जागा सोडलीय, म्हणजे तुम्हाला पण येतं हे, फक्त रस्त्यापुरतंच का येतं? (मुंबई-गोवा हायवेबद्दल मी काही बोलणार नाही, पत्र लांबेल आणि शब्द बिघडतील.)

मधलं टोक राहिलं, आमचं.

22 जुलै 2021 च्या पहाटे वाशिष्ठी बाजारपेठेत आली. तिकडे महाबळेश्वरला त्या सुमारास 24 तासांत 594 मिलिमीटर पडला आणि इकडे भरतीची वेळ. माझ्या दुकानात साडेसात फूट. 2005 ला पाच फूट होतं, त्या खुणेच्या वर दीड फूट सोडून मी माळा केला होता आणि स्वतःला फार हुशार समजत होतो. माळ्यावरचं पण गेलं. पुरानंतर पाटबंधारे खात्याच्या पूररेषांवरून गावात भांडणं, निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणारा. अर्धं गाव निळ्यात आणि बरंचसं लाल्यात. लोकांचं म्हणणं घरं बांधायची नाहीत काय, साहेबांचं म्हणणं नियम आहे. मला त्या दोन्हीपेक्षा वेगळाच प्रश्न पडला होता. हे पंचवीस आणि शंभर आले कुठून, तर मागच्या पावसाच्या नोंदींवरून. आणि पुढचा पाऊस मागच्यासारखा पडणार नाही असं तर तुमचेच हवामानवाले रोज टीव्हीवर सांगतायत! मग ती लाल रेषा रंगवली त्या दिवशीच जुनी नाही का झाली? पुलाची उंची, मोऱ्यांची रुंदी, सबस्टेशनचा चौथरा सगळं त्याच नोंदींवर. मुंबईला 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पडला तेव्हा तिथल्या जुन्या गटारांचा हिशोब तासाला 25 मिलिमीटरचा होता, हे तुम्हाला मी कशाला सांगायला पाहिजे.

पुरानंतर मी काय केलं ते सांगतो. माळा उंच नाही केला, कारण मला कळून चुकलं की पुढचं पाणी किती येणार ते मला ठरवता येत नाही. फळ्या काढून खाली चाकं लावलेले रॅक केले, महागाचं सामान वरच्या मजल्यावर भाचीच्या खोलीत न्यायला माणसं आधी सांगून ठेवली आणि भिंतीवर एक खूण केली, बाजारपुलाजवळ पाणी अमुक पायरीला टेकलं की कोणी काही म्हणो दुकान आवरायचं. त्या खुणेपायी मागच्या दोन पावसाळ्यांत तीनदा फुकटच आवरलं. पोरगा हसतो. हसू दे.

तर साहेब, मागणं म्हणाल तर फार मोठं नाही. पुढच्या वेळी 2047 चा आकडा छापाल तेव्हा एकच छापू नका, कमीत कमी आणि जास्तीत जास्त दोन्ही छापा आणि त्याच पानावर मागच्या सर्व्हेचा आकडा आणि प्रत्यक्ष काय झालं ते पण छापा, लाज वाटली तरी छापा. कुठल्याही मोठ्या प्रकल्पाच्या डीपीआरमध्ये, म्हणजे सविस्तर अहवालात, एक पान असं ठेवा की आमचा अंदाज चाळीस टक्क्यांनी चुकला, वर किंवा खाली, तर या प्रकल्पाचं काय होणार आणि बिल कोण भरणार. ते पान लिहिताना ज्याचा हात थरथरेल त्याला जरा जास्त प्रश्न विचारा. वीस-पंचवीस वर्षांच्या करारात मधे थांबून परत बघायची वर्षं आधीच घाला, भाव कशाशी बांधलाय त्यावर दोन वेळा विचार करा. जागा राखून ठेवायला जे जास्तीचे पैसे लागतात त्यावर ऑडिटवाले उगाच खर्च म्हणून शेरा मारणार नाहीत असं काहीतरी बघा, कारण त्या शेऱ्याच्या भीतीने तुमचा हुशार इंजिनिअर पण सिंगल बोगदाच सुचवतो. आणि कोणत्या खुणेला पाणी आलं की प्लॅन बदलायचा, ती खूण कोण बघणार, किती वर्षांनी बघणार, हे नावानिशी नाही तरी हुद्द्यानिशी लिहा. समिती नेमू असं नका लिहू. समित्या आम्ही बघितल्यात.

याचा अर्थ कोणीतरी असा काढेल की भविष्य माहीत नाही तर काहीच करू नका, थांबा. तसं अजिबात नाही. थांबणं हा पण एक डावच आहे, 2001 नंतर आपण तो खेळलो आणि लोडशेडिंगने फेडला. बांधा, भरपूर बांधा, फक्त उद्या आपण चुकीचे ठरलो तर परत फिरायला वळण ठेवून बांधा. पोफळीला जमलं, अंजनवेलला नाही जमलं आणि दोघांच्या मधे सरळ रेषेत पन्नास-साठ किलोमीटर पण अंतर नसेल.

एकदा या इकडे. सल्लागारांच्या स्लाइडपेक्षा बरं पडेल. सकाळी पोफळी-अलोरे बघू, दुपारी माझ्याकडे जेवा, माशांचं बघतो, आणि संध्याकाळी धोपाव्याच्या फेरीबोटीतून खाडी ओलांडता ओलांडता तुम्हाला अंजनवेलच्या चिमण्या दाखवतो.

आपला,
वाशिष्ठीकाठचा एक इलेक्ट्रिकवाला,
चिपळूण

ता. क. जून ते ऑक्टोबरमध्ये येणार असाल तर गाडीचं पावसाळी वेळापत्रक बघून निघा, नेहमीच्या वेळेवर स्टेशनला आलात तर गाडी एक तर निघून गेलेली असेल नाहीतर यायला अवकाश असेल.